फोटो क्रॉप करताय? आधी प्रत करा!

प्रगतिपुस्तकासाठी मी वर्गाच्या ग्रुप फोटोतून एका मुलीचा फोटो कापला आणि तसाच 'सेव्ह' केला. बाकी अख्खा वर्गच गेला! दुसरी प्रत नव्हती. तुमचं असं होऊ नये म्हणून हे लक्षात ठेवा.

१) पेंटमध्ये फोटो उघडल्यावर आधी 'सेव्ह ॲज' (एफ १२) करून नवीन नाव द्या.

२) 'सिलेक्ट' घेऊन चेहऱ्याभोवती माउसने चौकोन ओढा. डोक्यावर थोडी जागा सोडा. ही फक्त निवड आहे, फोटो अजून तसाच असतो.

३) 'क्रॉप' केलं की चौकोनाबाहेरचं सगळं जातं.

४) चुकलं तर लगेच कंट्रोल + झेड दाबा. सेव्ह करून पेंट बंद केल्यावर मात्र ते चालत नाही.

मुलांनाही आधी प्रत करायलाच शिकवा, कापणं नंतर.