पोस्टरवर कुणाचं नाव

पुणे

चि. मंदार यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, यंदा गल्लीच्या कोजागरीचं नाव 'मूनलाइट नाइट', आणि पोस्टरवर त्याच्याही वर पैसे देणाऱ्या बिल्डरचं नाव, दुप्पट टायपात. खरं आहे का रे? तू सेक्रेटरी असताना?

इंग्रजी नावाचं मला एवढं वावडं नाही. पोरांची हौस असेल तर ठेवा. पण बिल्डर वर कशाला? पैसे घ्या, पावती फाडा, गेटपाशी त्याचा बॅनर लावा. नाव एकदा वर चढलं की आधी त्याचा सत्कार, मग त्याचं भाषण, मग लकी ड्रॉ. दहाला स्पीकर बंद करावाच लागतो. गाण्याला उरलं काय? आणि पुढच्या वर्षी तो फिरकला नाही, तर परत नवा बिल्डर, नवं बारसं?

मिरजेत राहणाऱ्याला हे सांगायचं म्हणजे कमाल झाली. दर्ग्यात गवई हजेरी लावतात ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. भीमसेनजींनी इथे 1953 साली महोत्सव सुरू केला तो या गुरूच्या नावानं. त्यांचं स्वतःचं नाव त्याला जोडलं गेलं ते 2011 मध्ये, ते गेल्यावर.

आपल्या अण्णानं तर गल्लीच्या कोजागरीच्या पावतीपुस्तकावरसुद्धा स्वतःचं नाव येऊ दिलं नाही. गच्चीवर सतरंज्या, घरोघरचे पेले, अदलाबदल नको म्हणून बुडाला नेलपॉलिशची खूण. दहाला माइक बंद, मग नुसता तंबोरा. दुधात चंद्र पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. "एक तरी म्हण गं," दरवर्षी म्हणायचा. सासरची माणसं बसलेली, मी लाजायचे. पुढच्या वर्षी म्हणेन म्हणता म्हणता तोच गेला.

असो. फार बोलले. वर्गणीला गेलं की लोक दार लावून घेतात, ठाऊक आहे मला. त्यात तू एकटा पळतोस. किती कमी पडतात ते मोकळेपणानं कळव, मी पाठवते. साडेसातला सुरू करा, भाषणं नकोत. पण पोस्टर छापायला टाकण्याआधी मला फोन कर, त्या बिल्डरचं नाव खाली घेतलंस एवढं ऐकू दे.

यंदा येईन म्हणते. अण्णाचा तंबोरा सतारमेकर गल्लीत देऊन तारा बदलून ठेव. आणि उपाशी हिंडू नकोस, पित्त उसळतं तुझं. डब्यात आवळासुपारी पाठवतेय.

तुझी,
आत्या