बेचक्याची खुंटी

लक्ष्मीबाई नगरात मे-जूनमध्ये धुळीचं वादळ येऊन गेलं, की सकाळी रस्त्याकडेला कडुनिंबाच्या आणि जांभळीच्या फांद्या पडलेल्या दिसतात. माळीकाकांना विचारून त्यांतल्या दोन-तीन आणल्या, तर स्वयंपाकघरासाठी पक्क्या खुंट्या होतात. फांदी पडलेलीच घ्यावी. दिल्लीत १९९४ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. कण्हेर मात्र पडलेलीही नको, ती सगळीच विषारी असते.

आमच्या घरी प्रश्न कांद्यांचा होता. साताऱ्याहून राहायला आलेल्या आजीला गुडघ्यांमुळे ओट्याखालच्या टोपलीपर्यंत वाकता येत नाही आणि दर वेळी कुणाला तरी हाक मारणं तिला आवडत नाही. म्हणून कांदे-लसूण सुतळीच्या शिंक्यात, तिच्या खांद्याच्या उंचीवर टांगायचं ठरलं. शिंक्यात हवा खेळती राहते, हा आणखी एक फायदा.

आता खुंटी. गलोलीसाठी आपण बेचकं शोधतो, तेच इथे हवं. फांदी फुटते त्या जागी लाकडाचे तंतू खोडातून फांदीत सलग वळलेले असतात, कारण झाडाला तिथे फांदीचं वजन पेलायचं असतं. सरळ फळीतून हुक कापला, तर वळणावर हेच तंतू तुटतात आणि हुक तिथेच मोडतो. पूर्वी नांगरासाठी मुळातच वाकडी असलेली बाभूळ शोधत, ती याचसाठी. मात्र प्रत्येक बेचकं चांगलं नसतं. चिमट्यासारख्या अरुंद सांध्यात साल आत दबलेली असते आणि तो सांधा उकलतो. रुंद, गोलसर सांधा निवडा.

खरी कसोटी वाळवण्याची. लाकूड वाळताना सालीला समांतर, म्हणजे वर्तुळाच्या दिशेने, जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आकसतं. म्हणून गोल फांदीला गाभ्यापर्यंत चीर जाते. उपाय असा: साल काढा, दोन्ही टोकांना मेण लावा आणि भिंतीला टेकणारी बाजू आधीच सपाट तासून घ्या. मग बाल्कनीत सावलीला ठेवा. इंचभर जाडीला एक वर्ष हा सुतारांचा ढोबळ हिशोब आहे. मी गेल्या सुट्टीत ठेवलेली बेचकी या सुट्टीत वापरली. घाई असेल, तर दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ते घटायचं थांबलं की समजा झालं. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला, तर आत कीड आहे. ते लाकूड घरात आणूच नका.

शेवटी पॉलिश पेपर आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंधी उघड्यावर पसरून वाळवा.

खुंटी मागून दोन स्क्रूंनी फळीवर बसवा, फांदीचं टोक वर. फळीसाठी भिंतीत विटेपर्यंत भोक पाडून प्लग ठोका, नुसत्या गिलाव्यात स्क्रू टिकत नाही. आमच्या शिंक्यात दोन किलो कांदे राहतात. आजीला त्याखाली उभं करण्याआधी पाच किलो तांदळाची पिशवी रात्रभर टांगून ठेवली होती.