चौकट बदलते, काम बदलत नाही



मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांचे काय करावे, हा प्रश्न घरोघरी आणि विश्वस्त मंडळींसमोरही आहे. आमचे म्हणणे असे की, भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी त्यांवर लिनक्स लावून पाहावे. २००० नंतरच्या काळात गोव्यात परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना देऊन त्यांवर लिनक्स चालवले गेले होते. म्हणजे हा मार्ग नवा नाही.

लिनक्स लावले तरी कधी संगणक संथ चालतो, कधी पडदा अनोळखी दिसतो आणि मुले बिचकतात. म्हणून आजचा पाठ 'विंडो मॅनेजर'चा.

पडद्यावर उघडलेल्या प्रत्येक खिडकीला वरची पट्टी आणि बंद करण्याची खूण देणे, खिडकी सरकवणे, लहानमोठी करणे, एकीवर दुसरी ठेवणे, एवढे काम विंडो मॅनेजर करतो. पत्र लिहिणे किंवा चित्र काढणे हे काम दुसऱ्या प्रोग्रामांचे. लिनक्समध्ये ही चौकट वेगळी असल्यामुळे ती बदलता येते. केडीई आणि एक्सएफसीई यांचा आरंभ १९९६ मध्ये, तर ग्नोमचा १९९७ मध्ये झाला. ही तिन्ही पूर्ण डेस्कटॉप आहेत. प्रत्येकात स्वतःचा विंडो मॅनेजर असतो, शिवाय मेनू आणि इतर साधने असतात. ओपनबॉक्स आणि आइसडब्ल्यूएम हे मात्र हलके विंडो मॅनेजर. कमी मेमरीच्या यंत्राला ते मानवतात.

आपल्या मांडवीचेच उदाहरण घ्या. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर किंवा गेंडीगेट, कोणत्याही दरवाजातून आत या, रस्ता मांडवीलाच येतो. तसेच कोणत्याही डेस्कटॉपमधून आत जा, तुमच्या फायली जिथल्या तिथेच असतात.

बदलण्याची रीत अशी:

१. हवा तो डेस्कटॉप आधी संगणकावर बसवून घ्यावा.
२. चालू काम सेव्ह करून लॉगआउट करावे.
३. लॉगिनच्या पडद्यावर आपले नाव निवडावे. तेथे 'सेशन'ची यादी असते. ग्नोमच्या पडद्यावर ती दातेरी चाकाच्या चित्राखाली सापडते.
४. यादीतून हवे ते नाव निवडून पासवर्ड द्यावा.
५. पसंत न पडल्यास याच वाटेने परत यावे.

जुन्या 'एक्स' पद्धतीत लॉगआउट न करताही चालू विंडो मॅनेजरच्या जागी दुसरा आणता येतो आणि उघड्या खिडक्या तशाच राहतात. नव्या 'वेलँड' पद्धतीत पडदा रंगवणे आणि खिडक्या सांभाळणे हे एकाच प्रोग्रामकडे असते. तेथे लॉगआउट करावेच लागते.

एक सूचना. पार्श्वचित्र, कळांचे शॉर्टकट, मराठी कळफलक यांची मांडणी नव्या डेस्कटॉपमध्ये पुन्हा करावी लागू शकते. मराठी उमटत नाही म्हणून घाबरू नये, आधी कळफलकाची सेटिंग तपासावी.

जो विद्यार्थी केवळ बटणांच्या जागा पाठ करतो, तो पडदा बदलताच अडतो. कोणते काम कोण करते हे ज्याला समजले, तो कोणत्याही संगणकापुढे निःशंक बसतो. आम्हाला असे विद्यार्थी घडवायचे आहेत.

गृहपाठ: एकच मराठी निबंध दोन वेगवेगळ्या डेस्कटॉपमध्ये उघडा. काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे पाच ओळींत लिहून आणा.