मागापासून मोटारीपर्यंत
(सोलापूर–चाकण–अहिल्यानगर सहलीच्या निमित्ताने एक पाठ)

सोलापूर हे मागांचे शहर आहे. येथील मुलाला मागाचा खडखडाट पाळण्यापासून परिचित असतो. धोटा, कांडी, ताणा, फणी हे शब्द तो शाळेत येण्यापूर्वीच घरी अथवा शेजारी शिकलेला असतो. मोटार मात्र त्यास परकी वाटते. ती दूर कोठे तरी तयार होते व आपल्याकडे केवळ विकत घेण्यासाठी येते, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे हे प्रत्यक्ष पाहावे, ह्या हेतूने आम्ही ह्या वर्षी वरच्या वर्गांतील विद्यार्थी व विद्यार्थिनी यांची तीन दिवसांची सहल काढली. जाताना चाकण येथील एक मोटार-कारखाना व परतताना अहिल्यानगरचे रणगाड्यांचे संग्रहालय पाहावे, असा बेत होता. जे पाहिले ते जे आले नाहीत त्यांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

रस्ता

सोलापूर ते पुणे हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. ह्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक पूर्वी ९ होता; आता तो ६५ आहे. मोहोळ व टेंभुर्णी मागे टाकली की भीमा नदी ओलांडावी लागते. तिच्यावरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. पुढे भिगवणपर्यंत त्याच धरणाचे फुगलेले पाणी अधूनमधून दिसत राहते, आणि हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. सहलीला निघालेल्याने खिडकीतून नुसते बाहेर पाहू नये. रस्त्यावरून काय वाहिले जाते हेही पाहावे. आमच्या मुलांनी वह्यांत नोंद ठेवली: ऊस, डाळिंबे, सिमेंट, कापडाचे गठ्ठे, आणि नव्या मोटारी पाठीवर घेऊन जाणारी लांबलचक वाहने. जिल्ह्याचे अर्धे अर्थशास्त्र अशा नोंदीत सापडते.

इंदापूर तालुक्यात ह्या रस्त्याच्या दक्षिणेस वालचंदनगर आहे. हे नाव ज्यांच्यावरून पडले ते शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी आपल्या सोलापुरातच झाला. वडिलांची पेढी व कापसाचा व्यापार सोडून त्यांनी रेल्वेची बांधकामे पत्करली, आणि पुढे साखर, जहाजे, विमाने व मोटारी अशा एकाहून एक अवघड उद्योगांत हात घातला. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली होती. ती तडीस नेण्याचा भार वालचंदांनी उचलला. १९३९ साली ते अमेरिकेस गेले, आणि लौकरच क्रायस्लर कंपनीशी त्यांचा करार झाला. परंतु महायुद्ध सुरू होते, आणि तत्कालीन सरकारने ह्या कार्यास साहाय्य देण्याचे नाकारले. तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची वाहने बाहेर पडू लागली. मोटारीचा धंदा सोलापूरला अगदीच परका आहे असे म्हणणाऱ्याने एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

कारखाना

चाकण हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी येथील भुईकोट किल्ला शाइस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविला. आज त्याच गावाच्या परिसरात मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. आम्ही पाहिलेल्या कारखान्याचे चार भाग होते, आणि कोणत्याही मोटार-कारखान्यात ते थोड्याफार फरकाने असेच आढळतात.

पहिल्या भागात पोलादी पत्र्याच्या जाड गुंडाळ्या येतात. त्यांतून तुकडे कापले जातात व प्रचंड दाबयंत्रांतील साच्यांखाली ते ठेवले जातात. साचा एकदा खाली आला की सपाट पत्र्याचे दार किंवा छप्पर होते. दुसऱ्या भागात हे सुटे पत्रे जोडून मोटारीचा सांगाडा बनतो. येथे माणसे थोडी व यंत्रबाहू पुष्कळ. ठिणग्या उडवीत ते एका सांगाड्यावर काही हजार ठिकाणी ठिपक्याएवढे जोड देतात. मुले हे पाहून थक्क झाली. तेव्हा आम्ही त्यांना जकार्डाची आठवण दिली. सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या जकार्ड यंत्राने उठते, त्यात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. कोणता धागा केव्हा उचलावा हे ती छिद्रे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ही युक्ती निघाली. यंत्रबाहूलाही अशाच रीतीने आज्ञा आगाऊ दिलेल्या असतात. पुठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली आहे, इतकेच.

तिसरा भाग रंगाचा. सांगाडा प्रथम स्वच्छ धुतात, मग त्यास अस्तराच्या द्रावणात बुडवून विजेच्या योगाने गंजरोधक थर बसवितात, आणि त्यानंतर रंगाचे थर देऊन भट्टीत वाळवितात. तेथे धुळीच्या एका कणासही मज्जाव असतो, म्हणून हा भाग आम्हांस काचेबाहेरूनच पाहावा लागला. चौथा भाग जोडणीचा. येथे सांगाडा हळूहळू पुढे सरकतो आणि कामगार आपापल्या जागी राहून त्यास एकेक अवयव बसवितात. आत शिरून काम करता यावे म्हणून रंगविलेली दारे येथे काढून ठेवतात व शेवटी ज्याची त्यास परत लावतात. सरकत्या जोडणीची ही पद्धत अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९१३ साली मोटारीसाठी अंमलात आणली. तिच्यामुळे एका गाडीच्या जोडणीचा काळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. लहानातला लहान स्क्रू मोजला, तर एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग भरतात. ते एका छपराखाली तयार होत नाहीत. कोठून काच, कोठून टायर, कोठून दिवे असे ते अनेक लहानमोठ्या कारखान्यांतून येतात; त्यांतील एकही वेळेवर आला नाही, किंवा मापात केसभर चुकला, तरी पुढचे काम अडते.

दोरी

जोडणीच्या भागात आमच्याच जिल्ह्यातील, मोहोळ तालुक्यातील एक मुलगी काम करताना भेटली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून ती येथे आली होती. तिचे वडील सोलापुरात यंत्रमागावर काम करीत. आमच्या एका विद्यार्थ्याने तिला विचारले, "ताई, गाडी पुढे सरकून गेली आणि तुमचे काम नीट झालेच नाही, तर?"

तिने डोक्यावरून गेलेली एक दोरी दाखविली. "तर ही ओढायची. दिवा लागतो, आमचे प्रमुख धावत येतात. तेवढ्यात दुरुस्त झाले नाही, तर सगळी रांग थांबते."

"मग साहेब रागावत नाहीत?"

"ओढली म्हणून रागावत नाहीत. चूक दिसूनही ओढली नाही, तर मात्र विचारतात," ती म्हणाली.

ह्या दोरीमागील विचार कोठून आला हे कळले, तेव्हा मुलांस मोठे नवल वाटले. तो मोटारीच्या कारखान्यात जन्मलाच नाही. तो मागावर जन्मला. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचे एका सुताराचे पुत्र होते. त्यांनी आयुष्य मागाच्या सुधारणेत घालविले. साध्या यंत्रमागावर धागा तुटला तरी माग चालूच राहतो, आणि कोणाचे लक्ष जाईपर्यंत वारच्या वार कापड सदोष विणले जाते; हे दुखणे सोलापूरच्या विणकरास निराळे सांगावयास नको. टोयोडांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला, तो धागा तुटताच आपोआप थांबे. त्यामुळे एक कामगार अनेक मागांवर देखरेख ठेवू शके. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स ह्या नामांकित माग-कारखानदारांनी त्याचे हक्क विकत घेतले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी १९३३ साली मागाच्या त्याच कारखान्यात मोटारीचा विभाग उघडला, आणि १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्र झाली. धागा तुटला की थांबावे, हा मागाचा नियम त्यांनी मोटारीस लावला. पुढे जगभरच्या कारखानदारांनी तो उचलला.

संग्रहालय

चाकणहून शिक्रापूर, शिरूर ह्या मार्गाने आम्ही अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, पोहोचलो. हे नाव २०२४ साली बदलले. येथील रणगाड्यांचे संग्रहालय भारतीय लष्कराच्या चिलखती दलाने १९९४ साली उघडले. त्यात रोल्स-रॉइस कंपनीची एक चिलखती गाडी आहे. जी गाडी राजेरजवाड्यांच्या दिमाखासाठी प्रसिद्ध होती, तिच्याच सांगाड्यावर पहिल्या महायुद्धात पोलादी कवच व मशीनगन चढविली गेली. १९१६ साली फ्रान्सच्या रणभूमीवर पहिले रणगाडे उतरले. चाकांभोवती फिरणारे त्यांचे पट्टे शेतीच्या ट्रॅक्टरावरून सुचलेले होते. शेतात रुतू नये म्हणून काढलेली युक्ती खंदक ओलांडण्यास वापरली गेली! यंत्रास स्वतःची इच्छा नसते. ते कोणत्या कामी लावावे हे माणूस ठरवितो. नांगर व तोफ यांतील निवड यंत्र करीत नाही, हे त्या अंगणात उभे राहिले म्हणजे पुरतेपणी पटते.

तेथे मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल असे दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे आहेत. अमेरिकी बनावटीचा पॅटन आहे. आणि चेन्नईजवळ आवडी येथे आपल्या देशात बनलेला विजयंताही आहे. आम्ही मुलांस एकच प्रश्न विचारला: "ह्यांतील कोणते यंत्र आपल्या काळी अगदी नवे होते?" थोड्या विचारानंतर उत्तर आले, "सगळीच, सर."

थांबण्याचे दोन प्रकार

करमाळामार्गे सोलापूरकडे परतताना ह्याच उत्तरावर चर्चा झाली. थांबणे दोन प्रकारचे असते. एक, चूक दिसताच ती सुधारण्यासाठी क्षणभर थांबणे. दुसरे, आपले बरे चालले आहे असे समजून जागच्या जागी थबकणे. पहिल्याने उद्योग वाढतो, दुसऱ्याने तो संग्रहालयात जातो.

वालचंदांच्याच कंपनीची कथा पाहा. १९५३ साली ते निवर्तले. पुढे त्यांच्या कंपनीने इटलीच्या फियाट मोटारी येथे बनविल्या. त्यांतील १९६४ साली आलेली गाडी नंतर प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने घरोघर माहीत झाली. त्या काळी देशात मोटारी बनविणारे दोनतीनच होते, आणि ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. मागणी आपोआप होती, म्हणून गाडीत फारसा बदल झाला नाही. १९८३ साली मारुती आली, १९९१ नंतर परदेशी कंपन्यांस दारे खुली झाली, आणि सुमारे २००० साली पद्मिनी निघणे बंद झाले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघाली. उलटपक्षी, ऑस्ट्रेलियात निसान कंपनीचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्यातील जोडणीची जुनी यंत्रसामग्री टाटांनी विकत घेतली, सुटी करून जहाजाने पुण्यास आणली, आणि तिच्यावर १९९८ साली इंडिका ही भारतात आखलेली मोटार उभी केली. एकाची मोडीत निघालेली यंत्रे दुसऱ्याच्या हाती आरंभाची यंत्रे झाली.

आपल्या सोलापूरने हे दुःख मोटारीच्या आधी भोगले आहे. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली जुनी गिरणी १९६३ साली बंद पडली. लक्ष्मी व विष्णू ह्या गिरण्याही पुढे बंद झाल्या. ज्या घरांत भोंग्यावर दिवस उगवत असे, त्या घरांतील आजोबा आजही ही गोष्ट सांगतात. गिरण्या बंद पडण्यास अनेक कारणे होती व त्यांचा दोष कामगारांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. परंतु कामगारांच्या बोटांतील ज्ञान नव्या कामी लागले नाही, ही हानी सर्वांत मोठी होती. जपानमधील मागाच्या कारखान्यातून मोटार निघाली. सोलापूरच्या मागांतून पुढे काय निघेल, हे आज वर्गांत बसलेल्या मुलामुलींनी ठरवावयाचे आहे.

विद्यार्थिमित्रहो, गणित अडले असता ते अडले आहे असे उभे राहून सांगणे, हीच तुमची दोरी. ती ओढण्यास लाजू नका. पुढच्या धड्याची रांग सरकत असते. मागे राहिलेला सैल स्क्रू परीक्षेच्या दिवशी खडखडतोच. आणि पालकजनहो, मूल "मला हे समजले नाही" असे म्हणाले, तर त्याच्यावर रागावू नका. त्याने दोरी ओढली आहे. धावत जाऊन काय तुटले आहे ते पाहावे, हे आपले काम.

अभ्यासासाठी

१. आपल्या घरातील किंवा शेजारील मागावर धागा तुटल्यास काय होते, ते विणकरास विचारून लिहा.
२. सायकलीचे सर्व सुटे भाग मोजा, व त्यांतील कोणता भाग नसता तर ती चालली नसती ते सांगा.
३. घरातील वडील माणसांकडून सोलापूरच्या एखाद्या गिरणीची हकीकत मिळवा. तेथील कामगार नंतर कोणत्या धंद्यात गेले, त्याची यादी करा.
४. शेतीसाठी निघालेले यंत्र युद्धात वापरले गेले. युद्धासाठी निघून पुढे लोकोपयोगी झालेल्या एका वस्तूचा शोध घ्या.