मुलांच्या पाठीचा कणा : मणका सरकतो तेव्हा

चेन्नईच्या चेटपेट भागात १९८७ साली वेगवान गोलंदाज घडविण्यासाठी एम. आर. एफ. पेस फाउंडेशन ही संस्था सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचे विख्यात गोलंदाज डेनिस लिली यांनी तेथे २०१२ पर्यंत मार्गदर्शन केले. शाळकरी सचिन तेंडुलकर येथे गोलंदाज होण्यासाठी आला आणि फलंदाजीकडे लक्ष देण्याचा सल्ला घेऊन परतला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. श्रीरामपूरच्या जहीर खानची जडणघडणही येथेच झाली. स्वतः लिली यांच्या मात्र १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात कमरेच्या मणक्यांना तडे गेले होते. या जातीची इजा वाढत्या वयाच्या मुलामुलींना विशेषकरून होते आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास काहींचा मणका जागेवरून सरकतो. म्हणूनच पालकांनी या विकाराची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

विकाराचे स्वरूप

प्रत्येक मणक्याच्या मागील भागात, उजव्या व डाव्या बाजूस, हाडाचा एकेक अरुंद पूल असतो. पाठ वारंवार मागे वाकविल्याने व पिळल्याने या पुलावर ताण येऊन त्यास तडा जातो. या अवस्थेस ‘स्पाँडिलोलिसिस’ म्हणतात. दोन्ही पूल दुभंगले की मणक्याचा पुढील भाग खालच्या हाडावरून पुढे घसरू शकतो, हाच ‘स्पाँडिलोलिस्थेसिस’. बहुधा कमरेचा पाचवा, म्हणजे शेवटचा मणका त्रिकास्थीवरून सरकतो. काही मुलांत जन्मजात सदोष रचना हे कारण असते. ‘स्लिप डिस्क’ हा विकार याहून निराळा. त्यात मणक्यांमधील गादी बाहेर येते.

वेगवान गोलंदाजीप्रमाणेच जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब व काही नृत्यप्रकारांतही पाठीवर असा ताण पडतो. तथापि घाबरून जाण्याचे कारण नाही. सुमारे ५ ते ६ टक्के प्रौढांच्या मणक्यात असा तडा आढळतो आणि त्यांपैकी अनेकांना आयुष्यभर कसलाच त्रास होत नाही.

लक्षणे व निदान

कमरेत दुखणे, पाठ मागे वाकविल्यास वेदना वाढणे, मांडीचे मागील स्नायू आखडणे व चालण्याची ढब बदलणे ही प्रमुख लक्षणे होत. पायात बधिरता वा अशक्तपणा आल्यास, अथवा लघवी-शौचावरील ताबा सुटल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. निदान क्ष-किरण चित्राने होते. नवा, सूक्ष्म तडा मात्र एम. आर. आय. तपासणीतच दिसू शकतो.

उपचार

मणका किती सरकला यावरून त्याच्या चार श्रेणी मानतात. ही मेयरडिंग पद्धत १९३२ पासून रूढ असून प्रत्येक श्रेणी २५ टक्क्यांची असते. पहिल्या दोन श्रेणींत बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. सुमारे तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवणे, गरजेनुसार कमरेचा पट्टा आणि पोट व पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून क्ष-किरण तपासणी मात्र चुकवू नये. मणका निम्म्याहून अधिक सरकला, सरकणे वाढत राहिले वा मज्जातंतू दाबले गेले, तर स्क्रू व सळ्या बसवून आणि हाडाचे कलम लावून मणके जोडून घेण्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते. मालीश करून वा दाबून सरकलेला मणका ‘बसत’ नाही. त्यात मोलाचा वेळ मात्र जातो.

पालकांचे कर्तव्य

खरी अडचण औषधोपचारांची नसून मनाची आहे. संघातील जागा जाईल या भीतीने मूल दुखणे लपविते आणि निवड तोंडावर आल्याने मोठेही ‘थोडे सोस’ म्हणतात. वास्तविक ताजा तडा विश्रांतीने सांधण्याची शक्यता अधिक असते; जुना तडा क्वचितच सांधतो. लिली यांनी प्लास्टर, दीर्घ विश्रांती व शिस्तबद्ध व्यायाम स्वीकारून १९७४-७५ च्या ॲशेस मालिकेत पुनरागमन केले आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे ते कसोटी क्रिकेट खेळले.

शाळा, क्लब व शिबिर या तिन्ही ठिकाणी टाकलेल्या षटकांची बेरीज बहुधा कोणीच ठेवीत नाही. पालकांनी घरी एका वहीत ती रोज मांडावी व प्रशिक्षकांस दाखवावी. कंबरदुखी दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तीच वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.