कळ आली तर

सुरगाण्याच्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की विहिरीचं पाणी तळाला जातं. सातवा महिना लागलेली बाई डोक्यावर हंडा, कडेवर कळशी घेऊन चढण चढते. मध्येच थांबते, मोकळा हात जांघेशी दाबून धरते, एक लांब श्वास घेते आणि पुन्हा चालू लागते. विचारलं तर म्हणते, "काय नाय, जरा दुखतं."

या 'जरा दुखतं'मध्ये दोन अगदी वेगळी दुखणी असतात. एक पोट वाढतं म्हणून होणारं. त्याला घरच्या घरी बराच उतार पडतो, आणि तो पडायलाच हवा, कारण गरोदरपण म्हणजे सोसणं असं कुणी ठरवून दिलेलं नाही. दुसरं दुखणं आईच्या आणि बाळाच्या जिवावर येणारं. सुरगाण्याहून नाशिकचं जिल्हा रुग्णालय सुमारे ९० किलोमीटर, वाटेत घाट, आणि पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंतचं अंतर वेगळंच. म्हणून इथे क्रम चुकवून चालत नाही: आधी दुखणं ओळखायचं, मग आराम.

जवळ काय असू द्यावं

जुनं मऊ सुती लुगडं, दोन गोधड्या, बसायला पाट किंवा ठोकळा, प्यायचं पाणी, वेळ बघायला मोबाइल, आणि माता-बाल संरक्षण कार्ड. कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी नको, हाताशी हवं.

१. हातातलं काम ठेवा आणि स्वतःला हे विचारा

- अंगावरून रक्त जातंय का? थोडंसं, डागापुरतं तरी?
- पोट दगडासारखं कडक झालंय आणि सैल पडतच नाही, असं आहे का? अशा वेळी रक्त बाहेर दिसलं नाही तरी वार आत सुटत असू शकते.
- दिवस गेल्याला तीन महिने व्हायचेत आणि ओटीपोटात एकाच बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येते, खांद्याच्या टोकाशी दुखतं? गर्भ नळीत राहिला असेल तर असं होतं. नळी फुटली तर आतल्या आत रक्त जातं.
- पाच महिन्यांनंतर बरगड्यांखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, सोबत डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तोंड-हात सुजलेत? हे वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं.
- ताप, थंडी, सारख्या उलट्या? किंवा पोटात एकाच जागी दुखणं वाढतच चाललंय?
- अंगावरून पाणी जातंय?
- बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटते?

यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पुढचं काहीही करत बसू नका. १०८ ला फोन लावा, आशाताईंना कळवा आणि निघा. सासूबाईंना विचारू, मालक शेतावरून येऊ देत, सकाळ होऊ दे, यातलं कशासाठीही थांबू नका.

सिकलसेलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांत हा आजार आढळतो. रक्त तपासून तुम्हाला सिकलसेलचा आजार आहे असं सांगितलं असेल, तर पोटात, पाठीत, हाडांत उठणारी कळ घरी सोसायची नाही. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, ताप आला, दमणूक झाली की ही कळ उठते आणि गरोदरपणात ती लवकर गंभीर होते. दवाखान्यात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "मला सिकलसेल आहे." तपासणीच झाली नसेल तर पुढच्या भेटीत करून मागा. बोटातून थोडंसं रक्त काढून पहिली चाचणी होते.

२. पाणी प्या, लघवी करून या, डाव्या कुशीवर तासभर पडा

वरचं काही नसेल तर आता घड्याळ बघा. शेवटच्या तीन महिन्यांत पोट अधूनमधून आवळतं आणि सैल पडतं. हात ठेवला तर कळतं, चेंडू फुगावा तसं ते घट्ट होतं आणि मग ओसरतं. पाणी पिऊन, पडून राहून ते थांबलं तर ती शरीराची तालीम. पण तासाभरात चार किंवा त्याहून जास्त वेळा आवळलं, सोबत कंबर भरून आली, ओटीपोटात खाली ओढल्यासारखं वाटलं आणि नववा महिना अजून पुरा भरला नसेल, म्हणजे ३७ आठवडे झाले नसतील, तर बाळंतपण वेळेआधी सुरू होत असेल. लगेच निघा. दवाखान्यात लवकर पोहोचलं तर बाळाची फुप्फुसं पक्की व्हायला मदत करणारं इंजेक्शन आईला देता येतं. उशीर झाला की ती संधी जाते.

३. किरकोळ कारणं निस्तरा

कुशी बदलताना, शिंकताना, झटकन उठताना जांघेत सुरी फिरावी तशी कळ येते आणि काही क्षणांत जाते. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध ताणले जातात, त्याची ही कळ. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून ती जाणवते, उजवीकडे जरा जास्त. शिंक येतेयसं वाटलं की पुढे वाका किंवा गुडघे पोटाशी घ्या.

पोट साफ होत नसेल तर त्यानेही ओटीपोट दुखतं, आणि लोहाच्या लाल गोळ्यांनी मलावरोध वाढतो हे खरं आहे. पण म्हणून गोळ्या उकिरड्यावर टाकू नका. जेवणानंतर घ्या, चहासोबत घेऊ नका, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. पाणी वाढवा, नागलीची भाकर, पालेभाजी, पेरू खा. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा थोडं थोडं खाल्लं की गॅस आणि जळजळ कमी होते. अमृत आहार योजनेचं अंगणवाडीतलं जेवण शेवटच्या तीन महिन्यांत मिळतं, ते घ्याच. एरंडेल मात्र पिऊ नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात.

लघवीला जळजळत असेल, सारखी होत असेल, तर आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्या. शेतात आडोसा नाही, रात्री अंधार, म्हणून आपल्या बायका तासन्‌तास लघवी दाबून ठेवतात आणि पाणीही कमी पितात. त्यातून जंतू वाढतात, आणि उपचार राहिले तर बाळंतपण वेळेआधी होऊ शकतं.

४. पुढचं हाड आणि खुबे दुखत असतील तर

हे दुखणं सर्वांत जास्त दुर्लक्षिलेलं आहे. पाच गरोदर बायांमधल्या साधारण एकीला ते होतं. ओटीपोटाच्या खाली, पुढे जिथे कमरेची दोन्ही हाडं जुळतात तिथे, किंवा मागे माकडहाडाच्या दोन्ही अंगांना दुखतं. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, ओझं वाढतं, आणि दोन्ही बाजूंवर भार सारखा पडला नाही की सांधा कुरकुरतो. बाळाला त्याचा अपाय नसतो, पण आईला एक पाय उचलून उंबरा ओलांडणंही जड जातं.

इथे एकच सूत्र सांभाळा: दोन्ही पाय जवळ, भार दोन्हीकडे सारखा.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका. गुडघे वाका, एकमेकांना चिकटवा, संपूर्ण अंग एकदम कुशीवर वळवा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत घडी केलेली गोधडी पायांमध्ये ठेवा. दुसरी पोटाखाली सरकवा. परकर उभ्याने, एका पायावर नेसू नका, बसून नेसा. पायरी चढताना एक पाय वर, दुसरा त्याच्याच शेजारी, मग पुढची पायरी. भाकरी थापताना उकिडवं किंवा मांडी घालून बसवत नसेल तर पाटावर बसा आणि चूल-परात त्या उंचीला येईल अशी मांडा.

आता लुगडं. लांबीतच घड्या घालत वीतभर रुंदीची पट्टी करा. ती पोटावर गुंडाळायची नाही. उभं राहून दोन्ही हात खुब्यांवर ठेवा, मांडी हलवली की जे हाड हाताला फिरताना लागतं ते शोधा. पट्टी त्या हाडांवरून, मागे ढुंगणाच्या वरच्या भागावरून आणि पुढे पोटाच्या फुगवट्याखालून गेली पाहिजे. श्वास सोडत ओढा आणि गाठ बाजूला मारा, पुढच्या हाडावर नको. दोन बोटं आत सरकली म्हणजे घट्टपणा बरोबर. दोन पावलं चालून बघा. कळ कमी झाली तर काम करताना बांधा, पडताना सोडा. पायाला मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढलं तर लगेच सोडा.

दिवसातून दोनदा घोंगडीवर हात-गुडघे टेकून ओणव्या व्हा. श्वास सोडताना पाठीची हळू कमान करा, घेताना पाठ सपाट. दहा वेळा पुरे. कमरेला गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं तर बरं वाटतं. पोटावर कढत शेक नको.

आणि हंडा. १५ लिटरचा हंडा भरला की १५ किलोच्या वर जातो. कडेवर कळशी घेतली की सगळा भार एका खुब्यावर येतो. पट्टी, व्यायाम, गोधडी यांनी जेवढा आराम पडेल तो त्या एका खेपेत जातो. घरातल्या पुरुषांनी पाणी आणावं, हा या दुखण्यावरचा उपचार आहे, बायकोचे लाड नव्हेत. अगदीच इलाज नसेल तर दोन हातांत दोन लहान, सारख्या वजनाची भांडी. आवणीच्या दिवसांत तासन्‌तास वाकून चिखलात उभं राहण्याऐवजी बसून रोपांच्या जुड्या बांधायचं काम मागून घ्या. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जाणार असाल तर माता-बाल कार्ड सोबत न्या, तिथल्या सरकारी दवाखान्यातही तपासणी होते.

बाळंतपणाच्या वेळी नर्सताईंना आधीच सांगा की पाय किती फाकवले की दुखतं. त्या कुशीवर किंवा ओणवं करूनही बाळंतपण करायचा विचार करू शकतात.

५. काय करू नये

पोट चोळून, दाबून बाळ 'सरळ' करून घेऊ नका. सुईणीचा धीर, तिचा हात हातात असणं फार मोलाचं आहे. पोटावर जोर मात्र नको. भगताकडे जायचंच असेल तर दवाखान्यातून आल्यावर जा. दुकानातली अंगदुखीची गोळी किंवा 'दुखण्याची सुई' घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी औषधं, विशेषतः पाच महिन्यांनंतर, बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला बाधू शकतात. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारून.

६. कळ नसतानाच करून ठेवायची तयारी

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. २०१६ पासून ती चालू आहे. तिथे दुखणं स्वतःहून बोला: कुठे, कधीपासून, कशाने वाढतं. गरोदर बाईला घरून दवाखान्यात नेणं आणि परत आणणं मोफत आहे, त्यासाठी १०२ ची गाडी, तातडीला १०८. घर नदी-ओहोळापलीकडे असेल आणि पावसाळ्यात तारीख येत असेल, तर जवळच्या केंद्रात माहेरघराची सोय आहे का ते आशाताईंना विचारा. असेल तर तारखेच्या काही दिवस आधीच तिथे जाऊन राहता येतं.

गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर कुठल्या फाट्यावर येईल हे आधी ठरवा, आणि तिथवर झोळीने नेणारी चार माणसं कोण तेही. मोबाइलची रेंज घरात नसेल तर ती कुठल्या टेकाडावर, कुठल्या झाडाखाली येते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. आज दिवस मावळायच्या आत तिथे जाऊन एकदा फोन लावून बघा.