तळवड्याची काळी आणि पांढरी

देहूहून इंद्रायणीच्या कडेने आळंदीकडे निघालो, की वाटेत तळवडे लागते. जुने लोक गाव वसवताना आधी माती बघत. घरे बांधायची ती पांढरी, पीक घ्यायचे ती काळी. काळी माती ओल धरते, म्हणून पिकाला चांगली. पण पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर बांधले तर भिंत तडकायचीच! पांढरीलाच आपण गावठाण म्हणतो.

नदीकाठची माती खोल. तिथे विहीर पाडायची, मोट हाकायची. काळ्या रानात रब्बीला ज्वारी, हरभरा. वर माळाला गेलो की मुरूम लागतो. तिथे पावसावर येईल तेवढी बाजरी. सुतार औत करून देई, लोहार फाळ शेवटून देई. त्यांचे बलुते खळ्यावरच मिळे.

मग कारखाने आले. 1954 साली सरकारने पिंपरीत औषधांचा कारखाना काढला. पुढे आसपास मोठमोठे कारखाने उभे राहिले. 1997 साली तळवडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. आता इथे संगणकाच्या कंपन्याही आहेत. पूर्वी एकराला किती पोती झाली ते विचारत. आता गुंठ्याला काय भाव, ते विचारतात. भाव चढला, की भावाभावांत कज्जे लागतात.

म्हणून आपण सातबारा वाचायला शिकू. हे दोन कागद आहेत. गाव नमुना 7 मध्ये जमीन कोणाची, किती, कर्ज काय, हे असते. नमुना 12 मध्ये पीक कोणते, ते असते. 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्याला स्वतः मोबाईलवर करता येते.

क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. 100 आर म्हणजे एक हेक्टर. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा. 0.40 लिहिले असेल तर 40 आर, साधारण एक एकर. 0.04 लिहिले असेल तर चारच गुंठे! एक शून्य मधे आले, की एवढा फरक पडतो. अंगठा देणाऱ्याला तो दिसत नाही.

नावेही नीट बघावीत. बाप गेल्यावर वारसांची नोंद होते, तिला फेरफार म्हणतात. वडिलार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. 2005 च्या कायद्याने तो देशभर झाला. "हक्कसोड आहे, सही कर ताई," असे कोणी म्हटले, तर ताईने आधी कागद वाचावा.

उद्या येताना आपापला उतारा आणा. आधी गट नंबर शोधू, मग क्षेत्र वाचू, मग नावे मोजू.